आसुकायामाच्या पायथ्याचं धुराडं

1883 सालचं एक जपानी चित्र आहे, लाकडी ठशांनी छापलेलं. टोकियोच्या उत्तरेला आसुकायामा नावाची बुटकी टेकडी आहे, तिच्यावर साकुराला बहर आलाय आणि माणसं फुलं बघायला जमली आहेत. इथवर जपानी चित्रांत शेकडो वेळा पाहिलेलंच सगळं. पण टेकडीच्या पायथ्याशी गिरणीच्या इमारती आहेत आणि त्यांच्यातून एक उंच धुराडं सरळ आभाळात गेलंय. चित्रकार तिसरा हिरोशिगे. त्याला धुराडं वगळून फक्त फुलं काढता आली असती. त्याने तसं केलं नाही. उलट चित्राच्या नावातच त्याने आसुकायामाच्या जोडीला ‘ओजी कागद कंपनी’ घालून टाकली, आणि चित्रमालिका होती टोकियोतल्या प्रेक्षणीय स्थळांची.

हे चित्र पाहिल्यापासून ते धुराडं माझ्या डोक्यातून जात नाही. मी टोकियोत राहते, निशी-कासाईत, आणि ओजीला, म्हणजे आसुकायामाच्या पायथ्याच्या त्या भागात, कधीही लोकलने जाता येतं. पण तिथे आता ते धुराडं नाही. 1945 च्या एप्रिलमधल्या बाँबहल्ल्यात गिरणी जळाली. स्टेशनजवळ एक शिळा उभी आहे, ‘जपानमधल्या पाश्चात्त्य पद्धतीच्या कागदाचं जन्मस्थान’ अशा अर्थाची. 1953 साली, कंपनीला ऐंशी वर्षं झाली तेव्हा ती बसवली. शेजारून गाड्या धडधडत जातात, वरच्या पुलावरून शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सुसाट जाते, आणि शिळेपाशी फारसं कुणी थांबत नाही. मी थांबते. कारण एका कागदाच्या गिरणीला एवढं उंच धुराडं लागावंच कशाला, हा प्रश्न मला तिथेच पडला आणि त्याचं उत्तर शोधताना मी थेट पुण्याच्या कसब्यापर्यंत जाऊन पोचले.

आधी गिरणी कुणाची ते सांगते. शिबुसावा एइइची हा 1840 साली आजच्या साइतामा प्रांतातल्या एका सधन शेतकरी घरात जन्मलेला माणूस. 1867 साली शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, धाकट्या भावाच्या लवाजम्यातून तो पॅरिसच्या प्रदर्शनाला गेला आणि युरोप बघून आला. शोगुनशाही जाऊन आलेल्या मेइजी सरकारच्या अर्थखात्यात काही वर्षं काढली, आणि 1873 साली नोकरी सोडली. त्याच वर्षी त्याने जपानची पहिली राष्ट्रीय बँक चालू केली, त्याच वर्षी कागदाची कंपनी काढली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी सरकारने आसुकायामा सार्वजनिक बाग म्हणून जाहीर केली. टेकडीवरची साकुराची झाडं अठराव्या शतकात आठव्या शोगुनने, योशिमुनेने, लावून घेतलेली. म्हणजे फुलं जुनी, बाग नवी आणि धुराडं त्याहून नवं.

कागदच का? सरकारी नोकरीत असताना शिबुसावाने पाहिलं होतं की नव्या राज्याला पावलोपावली कागद लागतो. नोटा, टपालाची तिकिटं, शाळेची पुस्तकं, वर्तमानपत्रं. टोकियोत 1872 साली दैनिक निघू लागलं होतं. 1873 सालीच जमीन महसुलाची नवी पद्धत आली आणि प्रत्येक जमीनमालकाच्या हातात मालकीचं पत्र द्यायचं ठरलं. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात हेलपाटे घातलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, की अख्ख्या देशाच्या जमिनीचे असे कागद करायचे म्हणजे काय प्रकरण असतं.

जपानमध्ये कागद नव्हता असं मुळीच नाही. हजारांवर वर्षं तिथे कोझोच्या, आणि पुढे मित्सुमाताच्याही, झुडपांच्या सालीपासून हातकागद होत होता, तोही असा की जगाने अजून तोंडात बोट घालावं. थंडीत शेतीची कामं संपली की खेड्यापाड्यांतली घरं कागदाला लागायची. साल उकळायची, कुटायची, बर्फासारख्या थंड पाण्यात तिचे तंतू सोडायचे, बांबूच्या चटईच्या साच्यावर एकेक ताव उचलायचा आणि शेवटी तो ओला ताव लाकडी फळीवर ब्रशने चिकटवून फळी उन्हात उभी करायची. अंगणात अशा फळ्यांची रांग असे.

ही उन्हातली फळी मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडेही अगदी हेच होतं. जुन्नरी कागद आणि दौलताबादी कागद ही नावं पेशवाईच्या दफ्तराशी ज्याचा थोडाफार संबंध आला त्याला ठाऊक असतात. खुलताबादेजवळ कागजीपुरा आहे. पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे, तिथे जुन्नरचे कागदी येऊन वसले. ते जुनं गोणपाट घेत, त्याचे तुकडे करून कुटत, नदीवर नेऊन धूत, हौदातून ताव उचलत आणि तो ओला ताव गुळगुळीत गिलाव्याच्या भिंतीवर चिकटवून वाळवत. मग खळ लावायची आणि दगडाने घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही. साल वेगळी, साचा वेगळा, भाषा तर वेगळीच, पण शेवटची पायरी दोन्हीकडे तीच: भिंत किंवा फळी, आणि ऊन.

आता आषाढ आला की काय? जपानात जूनमध्ये पावसाची झड लागली की काय? वाळवण थांबणार. ताव भिंतीवर ओलाच राहणार. दफ्तराला ते चालून जातं, कारकून चार महिन्यांचा कागद आधीच भरून ठेवतो. दैनिकाला ते चालत नाही. छापखान्याला रोज सकाळी कागद लागतो, मग बाहेर पाऊस असो, बर्फ असो की मळभ. गिरणी आली ती ही अट घेऊन, आणि ती अट पुरी करायला आलं धुराडं.

कागदाच्या यंत्राची मूळ कल्पना फ्रान्समधली, 1799 ची. लुई-निकोला रॉबेर याची. पुढे इंग्लंडमध्ये फूर्द्रिनिए बंधूंनी तिच्यामागे पैसा ओतला आणि ब्रायन डॉन्किनने ती चालती केली. ते यंत्र थोडक्यात असं: एका टोकाला लगदा पडतो. लगदा कसला, पाणीच म्हणायचं, शंभरातले नव्व्याण्णवहून जास्त भाग पाणी आणि उरलेले तंतू. फिरत्या जाळीवर तो पसरतो आणि पाणी खाली गळतं. मग लोकरी पट्ट्यावरून रुळांच्या दाबाखाली पिळला जातो. इतकं पिळूनही बाहेर आलेल्या ओल्या पट्टीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तंतूंच्या आत मुरलेलं हे पाणी कितीही दाबलं तरी निघत नाही, ते फक्त उष्णतेने निघतं. म्हणून ती पट्टी एकामागून एक मोठमोठ्या पोकळ लोखंडी रुळांवरून जाते, आणि त्या रुळांच्या पोटात वाफ सोडलेली असते. एका बाजूने ओलं, दुसऱ्या बाजूने कोरडं, आणि मध्ये कुठेही ऊन नाही.

वाफ म्हटलं की बॉयलर आला, बॉयलर म्हटला की कोळसा आला. शिवाय तीच वाफ चिंध्या शिजवायला, तीच इंजिन फिरवून चिंध्या कुटायला. पाण्याकाठी, पाण्यासाठी उभारलेला हा कारखाना खरं तर रात्रंदिवस विस्तवावर जगतो. धुराडं आहे म्हणूनच तो विस्तव नीट पेटतो. धूर लोकांच्या डोक्यावरून दूर जावा एवढ्यासाठीच धुराडं उंच बांधतात असं मला लहानपणी वाटायचं. ते कारण आहेच, पण दुसरं कारण त्याहून मोठं. धुराड्याच्या पोटातली गरम हवा बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलकी, म्हणून ती वर चढते, आणि तिच्या जागी बाहेरची हवा भट्टीच्या जाळीतून आत ओढली जाते. धुराडं जेवढं उंच, तेवढी ओढ जास्त. पंखा नाही, भाता नाही, नुसत्या उंचीवर आग फुलते. भट्टीवाला झडप कमी-जास्त करून ही ओढ सांभाळतो, आणि आग कशी चालली आहे ते अंगणात येऊन, मान वर करून, धुराच्या रंगावरून ओळखतो. काळाभोर धूर म्हणजे कोळसा अर्धवट जळून वाया जातोय. पातळ, करडा धूर म्हणजे सगळं ठीक.

ओजीच्या कागदाला सुरुवातीला लागायच्या चिंध्या. सुती चिंध्या, शहरातून गोळा केलेल्या, निवडलेल्या, धुतलेल्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाड्यातली बोहारीण आठवली. दुपारची वेळ, डोक्यावर भांड्यांची पाटी, आणि आजीचं तिच्याशी चाललेलं ते न संपणारं घासाघिशीचं बोलणं: दोन धोतरं आणि एक नऊवारी, त्यावर एवढंसं पातेलं? आजी लुगडं उलगडून दाखवायची, जर बघ, पोत बघ. बोहारीण ते उजेडात धरून विरलेल्या जागा नेमक्या शोधायची. त्या कपड्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. मेइजी काळातल्या टोकियोत अशाच जुन्यापान्या सुताचा एक वाटा कागद होऊन छापखान्यात जात होता.

1875 साली गिरणी चालू झाली. यंत्रं इंग्लंडहून आलेली. ती बसवायला आणि चालवायला परदेशी तंत्रज्ञ भरपूर पगारावर ठेवले होते. आणि कागद काही धड उतरेना. पट्टी मध्येच फाटायची. शिबुसावा संतापला, त्याने त्या कागद-तज्ज्ञाला फैलावर घेतलं, अशी हकीकत सांगतात. हळूहळू घडी बसली. मालकी-पत्रांच्या कागदाचं सरकारी काम मिळालं आणि कंपनीचा श्वास मोकळा झाला. शिबुसावाचा भाचा ओकावा हेइझाबुरो कोवळ्या वयात त्या गिरणीत कामाला लागला, 1879 साली अमेरिकेला जाऊन कागदाचं काम शिकून आला, आणि भाताच्या पेंढ्यापासून लगदा करायचं तंत्र त्याने घरी आणलं. पुढे 1889 मध्ये कंपनीने शिझुओका प्रांतात डोंगरातल्या केता गावी लाकडाच्या लगद्याची गिरणी काढली. परदेशी तज्ज्ञावर ओरडण्यापासून स्वतःचा लगदा स्वतः शिजवण्यापर्यंतचा हा प्रवास पंधरा वर्षांतला आहे, आणि माझ्या लेखी ओजीची खरी कमाई हीच.

1879 साली शिबुसावाने आसुकायामावर बंगला बांधला. टोकियोत त्याला जागांचा तोटा नव्हता. त्याने ही जागा निवडली कारण इथून खाली गिरणी दिसायची. पाहुणे यायचे (अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट त्याच वर्षी येऊन गेले), बागेत बसायचे, आणि समोर धूर. आज आपण घर घेताना कारखान्याचं धुराडं दिसणार नाही अशी खिडकी शोधतो. त्या माणसाला ते दिसायला हवं होतं. धुराड्यातून धूर निघतोय म्हणजे आज कागद निघतोय, हे त्याला घरबसल्या कळत होतं. त्या धुराने किती फुफ्फुसं काळवंडली असतील हे मला कळतं, आणि त्याचं कौतुक मी करणार नाही. पण हिरोशिगेच्या चित्रातला धूर बघताना मला तेव्हाच्या माणसांची नजर समजून घ्यायची आहे. त्यांना साकुरा आणि धुराडं यांत भांडण दिसत नव्हतं. दोन्ही बघायला ती हौसेने, नटूनथटून टेकडीवर येत होती.

शिबुसावाचा मुंबईशी आलेला संबंध मला टोकियोत आल्यावर कळला. 1893 साली जमशेटजी टाटा जपानला आले आणि त्याला भेटले. दोघांचंही दुखणं एकच होतं, कापसाच्या वाहतुकीवर मक्तेदारी असलेल्या पी अँड ओ कंपनीचे चढे दर. शिबुसावाच्या पुढाकाराने निघालेल्या ओसाकाच्या सूतगिरणीपासून तिथल्या साऱ्याच गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन कंपनीची कोबे–मुंबई बोट सुरू झाली, टाटांच्या साथीने. आपल्या वऱ्हाडचा, खानदेशचा कापूस परदेशी गिरण्यांना चांगलाच ओळखीचा होता. तोच कापूस सूत होऊन, कपडा होऊन, चिंधी होऊन शेवटी ओजीच्या हौदात पडला, असा धागा ओढायचा मोह मला होतो. पण तोवर ओजी पेंढ्याकडे आणि लाकडाकडे वळली होती, तेव्हा तो धागा मी सोडून देते.

खरा धागा पुण्यात आहे. 1885 साली डेक्कन पेपर मिल्स कंपनी निघाली आणि मुंढव्याला, मुळा-मुठेच्या काठी, तिची गिरणी उभी राहिली. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून लोक तिला रे पेपर मिल म्हणत. तिच्यामागे धडपडणाऱ्यांत माधवराव नामजोशी होते, टिळक-आगरकर-चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमधले नामजोशी. शाळा काढली, वर्तमानपत्रं काढली, आता कागदही आपलाच हवा, असा तो सरळ हिशेब. न्यायमूर्ती रानडे पुण्यातल्या नव्या उद्योगांची नावं घेताना सूत आणि रेशमाच्या गिरणीबरोबर, रंगाच्या आणि धातूच्या कारखान्यांबरोबर या कागदाच्या गिरणीचं नाव घेतात. रानडे 1842 चे, शिबुसावा 1840 चा. एकाने अर्थशास्त्र सांगितलं, दुसऱ्याने कंपन्या काढल्या, पण शाळा, छापखाना आणि कागद ही एकाच कामाची तीन टोकं आहेत हे दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

आणि दोघांच्याही देशाला कुंपण नव्हतं. जपानला पाश्चात्त्य देशांशी झालेल्या जुन्या तहांमुळे 1911 पर्यंत आयातीवर आपल्या मर्जीने जकात बसवता येत नव्हती. आपल्याकडे 1882 साली बहुतेक आयात जकात उठवलीच होती, म्हणजे मुंढव्याची गिरणी विलायती कागदासमोर उघड्यावरच उभी राहिली. फरक एवढाच की ओजी अडखळली तेव्हा मालकी-पत्रांचं काम देणारं सरकार जपानचं स्वतःचं होतं. पुण्याच्या त्या लोकांना अशा सरकारचा आधार नव्हता. तरीही त्यांनी बॉयलर पेटवला. ओजीची गोष्ट वाचताना मला नामजोशींबद्दल आधीपेक्षा कितीतरी जास्त आदर वाटू लागला. आपल्या शाळांत त्यांचं नाव टिळक-आगरकरांच्या मागे एका ओळीत येऊन जातं, याचं मला वाईट वाटतं.

ओजीचं पुढचं थोडक्यात. 1898 साली मित्सुई या बड्या उद्योगघराण्याने कंपनी ताब्यात घेतली आणि शिबुसावा, ओकावा दोघांनाही बाहेर पडावं लागलं. ओकावासाठी कामगारांनी संप केला. 1933 साली तीन मोठ्या कंपन्या एकत्र होऊन ओजी एवढी अवाढव्य झाली की जपानचा सुमारे ऐंशी टक्के कागद तिच्याकडे आला. युद्धानंतर, 1949 साली, तिचे तीन तुकडे झाले. जळून गेलेल्या गिरणीची विटांची एक इमारत तगली होती. 1950 साली तिच्यात कागदाचं संग्रहालय सुरू झालं. ते 1998 मध्ये रस्त्याच्या कामासाठी हलवावं लागलं, आणि गेलं कुठे, तर आसुकायामावर. ते दाखवायला मी सगळ्या पाहुण्यांना नेते. तिथे दुधाच्या रिकाम्या खोक्यांचा लगदा करून मुलांना पोस्टकार्डाएवढा कागद करायला देतात. साचा पाण्यातून वर उचलताना हात जरा जरी तिरका झाला तरी तंतू एका बाजूला गोळा होतात. मुलं ओठ चावत साचा आडवा धरतात, पाणी टपटप गळतं, आणि जाळीवर एकाएकी काहीतरी दिसू लागतं. इतका वेळ नुसतं ढवळलेलं पांढुरकं पाणी होतं, आणि आता ओलं, लिबलिबीत, पण कडा असलेलं. मग ते टिपायचं, दाबायचं आणि वाळवायचं.

2024 च्या जुलैत जपानची दहा हजार येनची नवी नोट आली. तिच्यावर शिबुसावाचा चेहरा आहे. आसुकायामापासून चालत जाण्याच्या अंतरावर, निशिगाहारामध्ये, नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. जपानच्या नोटेच्या कागदात अजूनही मित्सुमाताची साल असते. ते झुडूप लावणारे जपानी शेतकरी म्हातारे झाले, त्यांची पोरं शहरात गेली, म्हणून गेल्या काही दशकांत ही साल बरीचशी नेपाळहून येते. तिथे तिला अर्गेली म्हणतात. हिमालयातल्या उतारांवर बायामाणसं फांद्या तोडून वाफवतात, साल सोलतात, वाहत्या पाण्यात धुतात, आणि दांड्यांवर टाकून उन्हात वाळवतात. ती खडखडीत वाळली की गठ्ठे बांधून माणसांच्या पाठीवरून रस्त्यापर्यंत आणतात. पुढे ट्रक, मग कोलकात्याचं बंदर, मग जपान.